मुलाला ऐकू जावी म्हणून प्रार्थना करू नका

नाशिकरोडच्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील काढून ते थोडक्यात असं:

"मुलगा १६ वर्षांचा, अकरावी सायन्सला. दिवाळीनंतर तो बदलला. क्लासला म्हणून निघतो आणि जात नाही. दिवसभर दार लावून पडून असतो, रात्री तीन-तीनपर्यंत मोबाइल. चर्चला येणं बंद केलंय. मागच्या आठवड्यात त्याचे पप्पा रागावले तेव्हा म्हणाला, 'मी नसतो तर तुमचे पैसे तरी वाचले असते.' मी रोज रात्री त्याच्या दाराशी उभी राहून मोठ्यानं प्रार्थना करते, तो आतून गाण्यांचा आवाज वाढवतो. मंगळवारचा उपवास धरलाय. महिला मंडळाच्या ग्रुपवर प्रार्थनेची विनंती टाकली, तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. मंडळीतल्या एक बाई म्हणतात, घरात काहीतरी आहे, सुटकेची प्रार्थना करून घ्या. मिस्टर सातपूरला कंपनीत पाळीत आहेत. ते म्हणतात, हे सगळे लाडाचे प्रकार. माझं काय चुकतंय? देव ऐकत का नाही?"

प्रिय ताई,

प्रार्थनेचं बोलूच, पण त्याआधी तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य. 'मी नसतो तर पैसे वाचले असते.' मुलं रागात काहीही बोलतात हे खरं. तरी हे वाक्य तसं सोडून देऊ नका, आणि विचारायला रविवारची वाटही पाहू नका. आजच त्याला सरळ विचारा. घुमवून नको, 'तू असं-तसं काही करणार नाहीस ना?' असंही नको. त्या प्रश्नाला 'नाही' एवढंच उत्तर मिळतं, कारण तुम्हाला तेच हवं आहे हे त्याला कळतं. असं विचारा: "तू त्या दिवशी बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाही. तुला कधी जगूच नये असं वाटतं का? स्वतःला संपवायचा विचार येतो का?"

विचारल्यानं तो विचार त्याच्या डोक्यात शिरेल, ही भीती बहुतेक आईबापांना वाटते. तसं होत नाही. विचार नसेल तर तो चिडेल, "काय मम्मी, वेडी आहेस का" म्हणेल, आणि तेवढ्यावर थांबेल. विचार असेल तर त्याला पहिल्यांदा कुणीतरी त्या शब्दासकट विचारलेलं असेल. उत्तर 'हो' आलं तर रडू आवरा. 'हे पाप आहे', 'देवानं दिलेलं जीवन', 'आमचा विचार नाही केलास?' यातलं काहीही त्या घटकेला बोलू नका. "सांगितलंस, बरं केलंस. मी इथंच आहे." एवढं पुरे. मग हळूच पुढचं विचारा: कसं करायचं ते ठरवलं आहे का, कधी, कशानं. ठरवलं असेल, तर त्याला त्या क्षणापासून एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. १०८ ची रुग्णवाहिका आहे, ११२ आहे. रात्री-बेरात्री नुसतं बोलायचं झालं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो स्वतः फोन करू शकतो, आणि तुम्हीही. 'मुलाबद्दल विचारायचंय' म्हटलं तरी चालतं.

उत्तर 'नाही' आलं तरी एक काम कराच. घरातल्या गोळ्या, उंदराचं औषध, फिनेल कुलपात घाला. आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट: निफाड-दिंडोरीकडे आजोळ असेल, द्राक्षबाग असेल, तर फवारणीच्या औषधांची खोली. सुट्टीत 'जरा मोकळं वाटेल' म्हणून मुलाला तिकडे पाठवायच्या आधी मामाला फोन करून त्या खोलीला कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात, एवढं पक्कं करून घ्या. असे विचार लाटेसारखे येतात आणि ओसरतात. त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही अवलंबून असतं.

आता तुमचा प्रश्न. काय चुकतंय?

तुम्ही प्रार्थना कमी करताय असं मुळीच नाही. पण दाराबाहेर उभं राहून मोठ्यानं केलेली प्रार्थना देवासाठी मोठ्यानं नसते. ती आतल्या माणसाला ऐकू जावी म्हणून असते. "प्रभू, याला सुबुद्धी दे, याची वाईट संगत सोडव, याला अभ्यासात मन दे." यात देवाशी बोलणं किती आणि मुलाला सुनावणं किती? मुलांना हे लगेच कळतं. समोरासमोर रागावलात तर तो उलटून काही बोलू तरी शकतो; प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही, कारण ते देवाला उत्तर दिल्यासारखं होतं. मग त्याच्या हातात उरतं गाण्याचा आवाज वाढवणं. त्याला गप्प बसवायची आहे ती तुमची तक्रार, पण तिच्याबरोबर देवाचं नावही गप्प होतं, आणि ते पुढे कित्येक वर्षं तसं राहू शकतं. म्हणून आम्ही एवढं स्पष्ट सांगतो: आजपासून दाराशी उभं राहणं बंद.

मत्तय ६:६ मध्ये प्रभूनं आपल्या खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. दार लावायचं ते आपलं. त्याच्या पुढच्याच वचनात फार बडबड करू नका असंही आहे.

तर प्रार्थना अशी करा. पहाटे किंवा सगळे बाहेर गेल्यावर, जो वेळ रोज खरोखर मिळेल तो. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली; तासभर ठरवाल तर चौथ्या दिवशी मोडेल आणि त्याचा वेगळाच अपराधी भाव लागेल. आधी स्तोत्र १३ वाचा. सहाच वचनं आहेत आणि सुरुवातीलाच 'कोठवर, कोठवर' असा धोशा आहे. 'देव ऐकत का नाही' हा तुमचा प्रश्न पवित्र शास्त्रात आधीच प्रार्थना म्हणून लिहिलेला आहे. तो विचारायला घाबरू नका. मग काल जे पाहिलंत ते देवाला सांगा, निष्कर्ष न काढता. 'तो आळशी झालाय' हा निष्कर्ष. 'काल तो दोन वाजता जेवला, अर्धी पोळी टाकली, अंघोळ केली नाही, धाकट्या बहिणीशी दोन वाक्यं बोलला' हे पाहिलेलं. हा फरक छोटा वाटतो, पण आठवडाभर असं बोललात की मुलाकडे पाहायची सवयच बदलते. त्यानंतर तुमच्या मनातलं, जे कुणापुढे बोलता येत नाही ते: लाज, मंडळीत लोक काय म्हणतील ही धास्ती, त्याच्यावरचा राग, मिस्टरांवरचा राग. मग आजच्या दिवसापुरतं एकच मागणं. 'त्याचं आयुष्य मार्गी लाव' हे मागणं एवढं मोठं आहे की ते पुरं झालं की नाही हे कळायला दहा वर्षं लागतील. 'आज संध्याकाळी तो चिडला तर माझा आवाज चढू देऊ नको' हे मागा. शेवटी त्याचं नाव घेऊन आशीर्वाद, त्यात 'पण' आणि 'जर' न घालता. शब्द सुचत नसतील तर असे घ्या:

"प्रभू, हा तुझा आहे, माझ्याआधीपासून तुझा आहे. त्याला आत काय होतंय ते मला कळत नाही, तुला कळतं. आज त्याला झोप दे, अन्न गोड लागू दे, आणि एक तरी माणूस त्याच्याशी नीट बोलू दे. तो माणूस मी असेन तर मला ऐकायला शिकव. येशूच्या नावानं मागते, आमेन."

एक साधी वही करा. डाव्या पानावर मागणं, उजव्या पानावर तारीख आणि पाहिलेलं: किती वाजता झोपला, किती वाजता उठला, काय खाल्लं, बाहेर पडला का, काही बोलला का. दिवसाला दोन-तीन ओळी. वही त्याच्या हाती पडली तरी चालेल असंच लिहा, शेरे नकोत.

आणि त्याच्याबरोबर, त्याच्यासमोर प्रार्थना? करा, पण विचारून. "तुझ्यासाठी आत्ता प्रार्थना करू का, की नको?" हा 'की नको' खरा असला पाहिजे. तो 'नको' म्हणाला तर "बरं" म्हणून भाजी निवडायला लागा. चेहरा पाडून उसासा टाकलात तर पुढच्या वेळी तो खोटं 'हो' म्हणेल. 'हो' म्हणाला तर तीन वाक्यांत संपवा आणि त्यात फक्त त्यानं स्वतः सांगितलेलंच असू द्या. तो म्हणाला असेल "डोकं जड वाटतं", तर प्रार्थनाही तेवढ्याचीच: "प्रभू, याचं डोकं जड झालंय, याला आज रात्री झोप लागू दे." त्यात क्लास, चर्च, मोबाइल घुसवलात की त्याचा विश्वास उडालाच म्हणून समजा. डोक्यावर हात ठेवायचा असेल तर तेही विचारून. या वयात मुलांना अंगाला हात लावलेला नकोसा होतो. ते तुमच्यावरचं प्रेम आटल्याचं लक्षण नाही.

उपवासाबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. तुमचा मुलगा स्वतःला घरावरचा खर्च समजतोय. त्या मुलाला मंगळवारी दिसतं काय? आई माझ्यासाठी उपाशी आहे आणि तरी उभी राहून माझं ताट वाढतेय. तुमच्या मनात त्याग आहे, त्याच्या मनात तो हिशोबात आणखी एक रक्कम म्हणून जमा होतो: माझ्यामुळे हेही. उपवास करायचा तर मत्तय ६:१६-१८ प्रमाणे, घरात कुणाला कळणार नाही असा. ते तुमच्या घरात जमण्यासारखं नसेल तर मंगळवारी उपाशी राहण्याऐवजी त्याच्याबरोबर बसून जेवा. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नकोच.

आता तो ग्रुप. तुमचा हेतू चांगला होता, पण त्याच्या वर्गातल्या दोघातिघांच्या आया त्याच ग्रुपवर असतील. म्हणजे त्याची गोष्ट कॉलेजात त्याच्याआधी पोचली. त्याच्याकडे जा आणि स्पष्टीकरण न देता माफी मागा: "तुला न विचारता मी ग्रुपवर लिहिलं. ते चुकलं. पुन्हा लिहिणार नाही." 'काळजीपोटी लिहिलं रे' हे शेपूट जोडू नका. मेसेज आता सगळ्यांच्या फोनवरून निघणार नाही. ग्रुपवर एवढंच लिहा की विनंती मागे घेत आहे, कृपया मेसेज काढून टाका आणि मुलाशी याविषयी बोलू नका. त्याऐवजी दोन माणसं निवडा, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते. याईराची मुलगी वारली आणि प्रभू त्याच्या घरी गेला तेव्हा त्यानं रडणाऱ्या-ओरडणाऱ्या सगळ्यांना बाहेर काढलं. आत फक्त आईवडील आणि तीन शिष्य. मुलगी उठल्यावरही पहिल्यांदा काय सांगितलं? ही गोष्ट कुणाला कळू देऊ नका, आणि हिला खायला द्या. मार्क ५ मधली ही दोन वाक्यं आईबापांनी फ्रीजवर चिकटवावीत इतकी कामाची आहेत.

सुटकेच्या, म्हणजे भूत घालवण्याच्या प्रार्थनेचं उत्तर: नाही. त्या बाईंचं मन दुखावेल म्हणून मधलं काहीतरी कबूल करू नका. लोक मार्क ९ मधल्या भूत लागलेल्या मुलाचा दाखला देतात. तोच उतारा नीट वाचा. तिथं प्रभूनं आधी बापाला विचारलं, याला असं होऊ लागून किती दिवस झाले? म्हणजे आधी विचारपूस केली. तुमच्या मुलाच्या बाबतीत ती विचारपूस अजून कुणीच केलेली नाही. अशा प्रार्थनेत खोलीत सातआठ जण जमून ओरडतात, मुलाला धरून ठेवतात, तो सुटायला धडपडला की तेच भूत असल्याचा पुरावा मानतात. आधीच 'माझ्यात काहीतरी वाईट आहे' असं वाटणाऱ्या मुलाला यातून मंडळीचा शिक्का मिळतो. आणि भूत काढायच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तो कुठल्याही धर्माच्या माणसाला लागू आहे. कुणी गोळ्या बंद करा म्हणालं, तर त्या माणसाला घरात घेऊ नका. पाळकसाहेबांना बोलवायचं? जरूर, पण याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडीलजनांना बोलावणं आजाऱ्यानं पाठवायचं आहे, नातेवाइकांनी नव्हे. मुलाला विचारा. तो नको म्हणाला तर पाळकांनी तुमच्या दोघांबरोबर प्रार्थना करावी. त्याच्या दारावर टकटक करू नये.

नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा फेब्रुवारीत असते. मंडळी कुठलीही असो, आपल्यातले बरेच जण जातात. जा, मन हलकं होतं. मुलाच्या नावानं नवस मात्र बोलू नका. तो बरा झाला तर ते फेडण्याचं ओझं त्याच्या माथी, आणि वेळ लागला तर देवानं नाकारल्याचं.

डॉक्टरांकडे जाणं हे प्रार्थना संपल्यावरचं काम नाही, दोन्ही एकाच वेळी करायचं. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणाला तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. 'तू इथं काय करतोस' हा प्रश्न नंतर, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर (१ राजे १९). पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. औषधाला अविश्वास म्हणणाऱ्यांना हे सांगा.

किशोरवयातलं नैराश्य मोठ्यांसारखं दिसत नाही, म्हणून घरात ते आळस किंवा माज समजलं जातं. मोठा माणूस रडतो, मुलगा चिडतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक रोज चिडचिड किंवा उदासी, आवडीच्या गोष्टीही नकोशा होणं, झोप आणि भूक बिघडणं, अभ्यास घसरणं, 'मी बेकार आहे' असं बोलणं: यातलं बरंच तुमच्या पत्रात आहे. निदान आम्ही पत्रावरून करत नाही, करूही नये. पण दिवाळीपासून चालू आहे म्हणजे वाट पाहायचे दिवस संपले. हातावरच्या जखमा झाकायला उन्हातही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालत असेल, आवडती वस्तू मित्राला देऊन टाकली असेल, किंवा बरेच दिवस तळमळल्यावर अचानक एकदम शांत झाला असेल, तर त्याच दिवशी दाखवा. एकटाच कुणाशी बोलतो, नसलेले आवाज ऐकू येतात असं म्हणतो, तरीही त्याच दिवशी.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, सकाळी केसपेपर काढून दाखवता येतं. आडगावच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातही हा विभाग आहे. खाजगी डॉक्टर परवडत असतील तर गंगापूर रोड, कॉलेज रोडला आहेत. 'मानसोपचारतज्ज्ञ' आणि एम.डी. सायकियाट्री किंवा डी.पी.एम. ही पदवी पाटीवर पाहून घ्या. मुलाला "तुला वेड्याच्या डॉक्टरकडे नेतोय असं समजू नको" म्हणू नका. तो शब्द तुम्हीच त्याच्या डोक्यात घालाल. "तुझी झोप गेलीय, चार महिने झाले, दाखवून घेऊ" हे खरं आहे आणि ते मुलाला पटतं. डॉक्टर थॉयरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशा तपासण्या सांगतील. थोडा वेळ ते मुलाशी एकट्यानं बोलतील, बाहेर आल्यावर "काय विचारलं? काय सांगितलंस?" असं खोदू नका. सौम्य त्रासात नुसत्या समुपदेशनानं फरक पडतो. गोळ्या दिल्या तर गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता फरक कळायला सहा-आठ. इथंच बहुतेक घरं चुकतात: दहा दिवसांत फरक नाही म्हणून बंद करतात, किंवा दोन महिन्यांनी हसायला लागला म्हणून बंद करतात. बरं वाटू लागल्यावरही गोळ्या साधारण सहा महिने ते वर्षभर चालतात आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी होतात. सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता वाढली, मरणाचं बोलणं वाढलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. गोळ्या तुमच्या ताब्यात, रोजची रोज द्यायच्या.

आता त्याचे पप्पा. 'लाडाचे प्रकार' म्हणणारा बाप बहुतेक वेळा घाबरलेला असतो. कलस्सै ३:२१ ('बापांनो, आपल्या मुलांना चिडवू नका') त्यांना तुम्ही वाचून दाखवू नका; नवऱ्यावर वचन फेकणं म्हणजे तीच दाराबाहेरची प्रार्थना, फक्त माणूस बदलला. पत्र हवं तर त्यांच्या हातात द्या, पुढचा परिच्छेद त्यांच्यासाठी आहे.

भाऊ, तुमच्या दुसऱ्या पाळीचा आठवडा ही या घरातली सगळ्यात मोठी संधी आहे. तुम्ही साडेअकराला घरी येता, बाकी घर झोपलेलं असतं, आणि तो जागा असतो. ताट गरम करा, त्याच्या दारावर एकदा वाजवा: "जेवतोय, बसतोस का?" नाही आला तर जेवून झोपा. दुसऱ्या रात्री परत तेवढंच. आला तर अभ्यासाचं, पैशाचं, मोबाइलचं काढू नका. कंपनीतलं सांगा, मशीन बंद पडल्याचं सांगा, त्याला अर्धी भाकरी द्या. मुलं समोरासमोर बसवून बोलत नाहीत; हातात काहीतरी असलं, नजर दुसरीकडे असली की बोलतात. शनिवारी मिसळ खायला न्या, गोदापार्कला चाला. तो काही बोलला तर लगेच उपाय सांगू नका. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस-रात्र गप्प बसले तोवर बरोबर होते, तोंड उघडल्यावर चुकले. "मग?" आणि "अवघड आहे रे" हे दोन शब्द तुम्हाला पुष्कळ लांब नेतील. आणि पैशाचं ते वाक्य त्यानं तुमच्याच रागावर उत्तर म्हणून म्हटलं होतं, म्हणून त्याचं उत्तरही तुमच्याकडूनच आलं पाहिजे: "फीचं मी बोललो ते रागात. तू घरात हवायस. फी गेली तर गेली." हे एकदाच, ठणठणीत आवाजात सांगा.

क्लासचं खरंच बघा. आपल्याकडे अकरावी सायन्स म्हणजे कॉलेज नावाला आणि पहाटेपासून क्लास. झेपत नसेल तर शाखा बदलता येते, वर्ष थांबता येतं. डॉक्टरांशी बोलून क्लास महिनाभर बंद ठेवायचा झाला तर ठेवा. मोबाइल हिसकावून घेऊ नका. रात्री तीनला त्याच्याशी बोलणारा जो एखादा मित्र आहे तोही तुटेल. रात्री सगळ्यांचे फोन, तुमचाही, हॉलमध्ये चार्जिंगला, हा नियम त्याच्याशी बोलून ठरवा आणि वेळ एकदम अकरा नको. तीनवरून अडीच, काही दिवसांनी दोन, असं खाली आणा. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते.

चर्चला यायची सक्ती नको. रविवारी निघताना एकदाच सांगा, "आम्ही निघतोय, यायचं असेल तर ये", आणि निघा. आला तर मागच्या बाकावर बसू दे, मध्येच उठून बाहेर गेला तर वळून पाहू नका. उपासनेनंतर 'किती दिवसांनी दिसलास!' म्हणणाऱ्या मावश्यांना आधीच विनंती करून ठेवा. तरुण संघात विशी-पंचविशीतला, उपदेश न करणारा एखादा दादा असेल तर त्याला सांगा. क्रिकेटला, साउंड सिस्टीमची वायर ओढायला बोलवू दे. दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग यंदा नाही झाला तर पुढच्या वर्षी होईल. 'देव नाहीच' म्हणाला तर वाद घालू नका, "असं कधीपासून वाटतं?" विचारा आणि ऐका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

देव ऐकत का नाही, याचं कारण आम्ही सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यापासून जरा लांब राहा. एवढं माहीत आहे की मार्क ९ मधला तो बाप म्हणाला, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका', आणि एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याच्या मुलाचं काम झालं. संत मोनिकेनं आपल्या मुलासाठी, पुढे संत झालेल्या ऑगस्टीनसाठी, कित्येक वर्षं रडून प्रार्थना केली. एका बिशपकडे ती गेली, माझ्या मुलाला समजवा म्हणून. बिशपनं त्याच्याशी वाद घालायला नकार दिला. त्याला राहू दे, तू फक्त त्याच्यासाठी प्रभूजवळ मागत राहा, म्हणाला. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. तुमच्या मुलाला एवढा वेळ लागेल असं नाही. पण यंदाच्या इस्टरपर्यंत सगळं सुरळीत व्हावं अशी मुदत देवाला किंवा मुलाला घालू नका.

धाकटीला विसरू नका. ती सगळं ऐकतेय. तिला सांगा की दादाला बरं नाही, डॉक्टरांना दाखवतोय, आणि यात तिचा काही दोष नाही. दादावर नजर ठेवायचं काम तिला देऊ नका. तिच्यासाठीही रोज एक वाक्य मागा, आणि आठवड्यातून एक तास फक्त तिचा ठेवा.

दवाखान्यात जाताना वहीची उजवी पानं बरोबर न्या. 'नीट झोपत नाही' यापेक्षा 'गेल्या चौदा दिवसांत बारा दिवस तीननंतर झोपला, नऊ दिवस एकदाच जेवला' हे डॉक्टरांच्या फार उपयोगाचं आहे. सध्या चालू असलेल्या कुठल्याही गोळ्यांची नावं, आणि घरात आधी कुणाला असा त्रास झाला असेल तर तेही लिहून न्या. आपल्याकडे काकाचं, आजीचं असलं काही झाकून ठेवायची रीत आहे, डॉक्टरांपुढे ती पाळू नका.